माणिकरावांच्या मुठीतलं हँडल

१

माणिकराव मेले तेव्हा त्यांच्या उजव्या मुठीत टेलिफोनचं हँडल होतं. नुसतं हँडल. टेलिफोन वीतभर अंतरावर भिंतीवर होता, कानाला लावायचा चोंगा आकड्याला गुमान लटकत होता, आणि हँडलाच्या जागी एक भोक होतं.

चुडाव्यात तोवर माणसं साप चावून मेली होती, आडात पडून मेली होती, रझाकाराच्या धामधुमीत कशी कशी मेली ते विचारूच नका. पण टेलिफोनचा तुकडा हातात घेऊन गेलेले माणिकराव पहिलेच. त्यामुळं ऊन उतरायच्या आत गावाचा निकाल लागला. म्हाताऱ्याला बिजलीनं खाल्लं. आणि बिजली गावात कुणी आणली? सूर्यभाननं.

सूर्यभान म्हणजे मी.

मी जीव तोडून सांगत होतो की त्या पेटीत माशीला ठसका लागेल इतकीही बिजली नाही. लोक मान हलवत होते आणि माझ्यापासून एकेक पाऊल मागं सरत होते. बहुतेक माझ्यातही थोडी उतरली असावी असा त्यांचा अंदाज होता.

माणिकरावांची सून कोकिळा उंबऱ्यावर बसली होती. आडावरून आणलेली घागर तिच्याशेजारी कलंडली होती. ती रडत नव्हती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती.

"मी पान्याला गेले तवा बोलायलते मामंजी. घोटभर काढा पाजला न मग गेले. आले तर हे असे."

तेवढ्यात गर्दी फाकली आणि बन्सीधर आत आला. माणिकरावांचा पुतण्या, मागच्या घरातला. टेलिफोनचं दुसरं टोक त्याच्याच घरात. त्यानं काकाच्या मुठीकडं पाहिलं, मग कोकिळेकडं पाहिलं, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. डोळे कोरडे होते, पण पुसले.

"काका मेले न्हाईत," तो म्हणाला. "काकाला मारलं. मला सोता फोनवर सांगितलं त्यांनी. कुणी मारलं त्ये बी सांगितलं."

२

हा टेलिफोन काय भानगड होती ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हीही गावासारखे मागं सराल.

माणिकरावांना दमा होता. पोरगा वैजीनाथ रझाकाराच्या साली बैल शोधायला म्हणून वसमतेकडं गेला तो आलाच नाही. मेल्याची खबर नाही, जिता असल्याचीही नाही. कोकिळा सात वर्षं रोज कुंकू लावत होती आणि रोज एकदा तरी वेशीकडं बघत होती. मागच्या साली सासू गेली. घरात उरले दोघं, आणि कोकिळा पाण्याला किंवा रानात गेली की एकच. मागच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडं बन्सीधर आणि त्याची आई धुरपताबाई राहायची. पण भिंतीपलीकडं हाक मारायला दम लागतो, आणि माणिकरावांकडं नेमका तोच नव्हता.

मी मॅट्रिकला तीनदा बसलेला असल्यानं मला विज्ञान इतरांपेक्षा तिप्पट येत होतं. हैदराबादच्या जुन्या बाजारात पलटणीच्या भंगारात मला दोन टेलिफोन मिळाले, एका बऱ्या कोंबड्याच्या भावात. तार मात्र एकाच फेरीची परवडली. "और वापसी का तार?" मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "जमीन मुफत की है ना मियाँ." म्हणजे जाताना बोलणं तारेतून जायचं आणि परत जमिनीतून यायचं. दोन्ही घरी ओल्या जागी एकेक लोखंडी पहार ठोकायची, तिला तार बांधायची, झालं. जागा ओली पाहिजे एवढीच अट.

धुरपताबाईकडं मोरी होती. मोरी म्हणजे बारमाही ओल. माणिकरावांची मोरी शहाबादी फरशीची. मग गोठ्याच्या कोपऱ्यात पहार ठोकली, ती आठवड्यात वाळली आणि टेलिफोन मुका झाला. मी विचारलं, "काका, घरात अशी जागा कोणती जी कधीच वाळत न्हाई?" माणिकरावांनी अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडं बोट केलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी, बारा महिने.

धुरपताबाईनं भिंतीपलीकडून तोंडाला पदर लावला. "देवाच्या पायात पहार?"

माणिकराव मला म्हणाले, म्हणजे ऐकवलं तिला, "देवाला बी कळू दे की घरात काय बोलायलेत ते."

ऐकवलं, कारण थेट बोलायची सोय नव्हती. माणिकराव तिचे भासरे, थोरले दीर. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसतं. चाळीस वर्षं एका भिंतीला लागून राहून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. टेलिफोनवर मात्र असलं काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी घंटी वाजली तेव्हा धुरपताबाईनं आधी डोक्यावरून पदर ओढला, भिंतीकडं पाठ केली आणि मग चोंगा उचलला. त्यानंतर दोघं रोज सकाळी बोलायची. विषय ठरलेला. तुमच्याकडं आज भाजी काय, आणि आमच्याकडं काय. चाळीस वर्षांच्या भाज्या तुंबल्या होत्या.

होळीनंतर मात्र यंत्राला एक रोग जडला. महिन्यातून एकदा ते मुकं व्हायचं. तीन-चार दिवस घंटी नाही, आवाज नाही. मी सेल काढून उन्हात ठेवायचो, तोंडं फिरवून घालायचो, दोन शिव्या द्यायचो. चार दिवसांनी ते आपोआप बरं व्हायचं आणि मी मिशीवरून हात फिरवायचो. सेलालाही माणसासारखा थकवा येतो, असा मी त्यातून सिद्धांत काढला होता.

त्या सिद्धांताची लाज पुढं माझी मलाच वाटली. पण ती वेळ यायच्या आधी संध्याकाळच्या पॅसेंजरनं पूर्णेहून जमादार आला, आणि त्यानं उतरल्या उतरल्या टेलिफोनला अटक केली.

३

जमादार आश्रुबा. टोपी नव्या सरकारची, मिशा निजामाच्या. त्यानं टेलिफोनला सुतळीनं आडवं-उभं बांधलं, गाठीवर लाख लावली, हँडलालाही लाख लावून ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं आणि पंचांना सांगितलं, "ह्यो पळायला नको."

कुणी हसलं नाही. त्याची तशी अपेक्षाही नव्हती.

माणिकरावांना रात्रीच तपासणीसाठी परभणीच्या डॉक्टरकडं नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनात निरोप आला. दम कोंडून गेला. कशानं कोंडला ते काढ्याचं गाडगं हैदराबादेला तपासल्यावर कळेल. कधी कळेल ते हैदराबादला ठाऊक. तोवर बाईला संध्याकाळच्या गाडीनं ताब्यात न्यायचं.

बाई म्हणजे कोकिळा. आणि एकदा पोलिसाबरोबर गाडीत बसलेली बाई, गाडगं निर्दोष निघालं तरी, परत येऊन कुठल्या आडावर घागर भरणार होती? हे तिला कळत होतं. गावाला तर आधीच कळलं होतं. बायांनी सकाळपासून तिच्या दारावरून जायचा रस्ता बदलला होता.

जमादार ओट्यावर बसला. "बाई, पानी मिळंल का?"

कोकिळेनं घागरीकडं पाहिलं. मग जमिनीकडं. "शेजारून आणू का?"

"काहून? तुमच्या घागरीत मासे हाईत का?"

तिनं पदराला हात पुसले. मग तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढं जरा लांबच ठेवला. जमादारानं मान वर करून सगळा तांब्या घशात ओतला. मी मनात म्हटलं, विष पाजल्याचा आळ असलेल्या बाईच्या हातचं पाणी पिणारा हा माणूस एक तर फार हुशार आहे किंवा फार तहानलेला.

पहिले वैद्य आबासाहेब.

"माणिकरावांना काढा तुमीच दिला व्हता?"

"कोण माणिकराव?" वैद्य म्हणाले.

"ज्यांच्या ओट्यावर तुमी आता बसलायत."

"असं असं. त्ये होय. दिला असंल. अडुळसा व्हता. अडुळशानं शेळी बी मरत न्हाई." मग घाईनं म्हणाले, "पन पाजणाऱ्याचा हात कसा हाय त्यावर बी असतं म्हना."

मग मी. मला जमादारानं एकच विचारलं, "सरकारी परवाना?" मी म्हणालो, भिंतीपलीकडं बोलायला परवाना लागत असंल तर धुरपताकाकीला जन्मठेप होईल. त्यानं ते लिहून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "म्हाताऱ्याच्या जाण्यानं कुणाचं भलं व्हायलं, त्ये सांग."

मी सांगितलं. माणिकरावांनी शेत सुनेच्या नावावर करायचं ठरवलं होतं. येत्या आठवड्यात कचेरीत जायचं होतं. कोकिळा नसली तर वारस उरतो एक, बन्सीधर.

बन्सीधरचं बयान स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की पाठ केल्यासारखं.

"भर दुपारची येळ. आई मारुतीच्या देवळात, सप्त्याची पोथी ऐकायला. सप्ता बसल्यापासून तिचं सकाळचं फोनवरचं बोलनं बी बंद हाय. मी घरात. घंटी वाजली. चोंगा उचलला. काका म्हनले, बन्सी, कोकिळेनं कडू जहर पाजलं रं, जीव जायलाय माझा. मग काईच न्हाई."

"आवाज त्यांचाच?"

"रोजचा आवाज, साहेब. वळखणार न्हाई का?"

"मग लगीच भिंतीवरून उडी का न्हाई मारली?"

"चप्पल सापडंना."

जमादारानं त्याच्याकडं बघत लिहून घेतलं, चप्पल. "न मग?"

"चप्पल हुडकेस्तोवर वहिनीची किंकाळी आली."

शेवटी कोकिळा. तिनं काढा पाजल्याचं कबूल केलं, वैद्यांनी दिला तोच पाजल्याचं सांगितलं. "अजून काही सांगायचं हाय?" या प्रश्नाला मात्र ती गप्प बसली. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. जमादारानं मिशीचं टोक चावलं. गप्प बसणारा माणूस काहीतरी राखून असतो, एवढं त्याला निजामाच्या नोकरीत कळलं होतं.

"बरं. आडाकडं कुठून गेलात त्ये दावा."

ती उठली. मागच्या दाराची सरळ वाट अंगणाच्या मधून, तुळशीला लागून होती. कोकिळा त्या वाटेनं गेली नाही. भिंतीच्या कडेकडेनं, गोठ्याला वळसा घालून, लांबून गेली. मला वाटलं, दुःखानं बाई भ्रमली.

४

दुपारी जमादार म्हणाला, "बन्सीधर, फोनवर मानसाचा आवाज वळखू येतो का, त्ये मला माझ्या कानानं ऐकू द्या. तुमच्या घरी बसतो मी. हितून सूर्यभान बोलंल."

सुतळी कापली. टेलिफोन जामिनावर सुटला. मी हँडल भोकात बसवलं आणि खिळ्यानं पक्कं केलं. जमादार आणि बन्सीधर वळसा घालून मागच्या घरी गेले. गाव दोन्ही अंगणांत वाटलं गेलं. धुरपताबाई बुटक्या भिंतीला टेकून उभी राहिली.

मी हँडल फिरवलं. जोरात फिरवलं. दुसऱ्या हातानं फिरवलं. घाम आला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून जमादाराचं डोकं वर आलं. "वाजव की!"

"वाजवलं ना!"

"कवा?"

मी तार पाहिली. तार अख्खी, वर एक कावळा बसलेला. सेलाची टोकं जिभेला लावली, जीभ झणझणली. सेल ठणठणीत. टेलिफोन मात्र दगडासारखा.

"काका गेले, त्यांच्या मागं यंत्र बी गेलं," बन्सीधर म्हणाला. दोन-चार जणांनी हात जोडले.

जमादार बन्सीधरला घेऊन परत आला. त्यानं मला बाजूला सारलं आणि स्वतः हँडल धरून फिरवायला लागला. दात-ओठ खाऊन. मी बसवलेला खिळा कुरकुरला, वाकला, आणि हँडल त्याच्या हातात आलं. तो त्या हँडलाकडं बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, आम्हा सगळ्यांना, पण खरं तर एकालाच.

"घंटी वाजली, तिकडून मानूस बोलला, आपलं बोलून झालं. मग हँडलाचं काय काम ऱ्हायलं? हँडल मोडस्तोवर कोन फिरवतो? ज्याला जबाबच मिळत न्हाई, त्यो."

बन्सीधरच्या कपाळावर घाम होता. पण वैशाखात घाम कुणाच्याही कपाळावर असतो.

"माझ्याशी बोलल्यावर बी फिरवलं असंल," तो म्हणाला. "मरता मानूस काय करंल, काय सांगावं."

हे खोडता येत नव्हतं. जमादारानं हुस्स केलं आणि अंगणात उतरून तुळशीवृंदावनाला टेकला. त्याच्या धक्क्यानं पानं झडली. वाळकी, करपलेली पानं, टोपीवर, खांद्यावर. त्यानं एक पान उचलून चुरगाळलं. मग खाली वाकला. वृंदावनाच्या बुडाशी बोट जाईल एवढी भेग होती.

"सूर्यभान," तो न वळता म्हणाला, "ही पहार हितं काहून पुरली?"

५

मी सांगितलं. हैदराबादचा दुकानदार, फुकटची जमीन, ओली जागा, सगळं सांगितलं. सांगता सांगता माझ्या स्वतःच्याच लक्षात यायला लागलं आणि मी त्या भेगेकडं बघायला लागलो.

जमादारानं टोपी काढली. बूट काढले. ओट्याजवळची भरलेली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी तुळशीच्या बुडाशी ओतली. भेगांनी पाणी आवाज करत ओढून घेतलं. आम्ही सगळे त्या आवाजाकडं कान लावून उभे होतो.

"आता वाजव."

मी त्याच्या हातातलं हँडल घेतलं, आत जाऊन भोकात खुपसलं आणि फिरवलं.

भिंतीपलीकडं, रिकाम्या घरात, घंटी खणखणली. इतकी स्पष्ट की धुरपताबाईनं दचकून डोक्यावर पदर ओढला.

"म्हंजी," जमादार म्हणाला, "ही जागा वाळली की फोन मेला. न ही जागा काय आज वाळलेली न्हाई."

बन्सीधर हुशार होता. मी त्याला कधी बिनडोक म्हणणार नाही. त्यानं एक श्वास घेतला आणि म्हणाला, "आज सुतक हाय, साहेब. सुतकात तुळशीला कोन पानी घालतं? वैशाखाचं ऊन, एका दिसात भेगा पडत्यात. काल सकाळी पानी व्हतं. वहिनी रोज घालती, सगळ्या गावाला ठावं हाय. आई, तू तर रोज सकाळी भिंतीवरून बघतीस. सांग जमादाराला. काल पानी घातलं व्हतं का न्हाई?"

सगळ्यांनी धुरपताबाईकडं पाहिलं.

पोटचा पोरगा पुढ्यात उभा. नुसतं "व्हतं" म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द. ती पोराकडं बघत होती. मग तिची नजर खाली वळली, तुळशीच्या काड्यांवर आली आणि तिथंच थांबली.

"हिच्यासमोर मी खोटं बोलनार न्हाई, बन्सी," ती म्हणाली. "काल न्हाई घातलं. परवा न्हाई. त्याच्या आदल्या दिशी बी न्हाई."

"का न्हाई घातलं?" वैद्य आबासाहेबांनी विचारलं. खरं तर त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"सरकार हे इचारत न्हाई," जमादार चटकन म्हणाला.

"का न्हाई इचारत?" बन्सीधरचा आवाज चढला. "आईला म्हातारपनानं काई दिसत न्हाई. काहून घातलं न्हाई, त्ये तिला सांगू दे. न्हाईतर हे सगळं झूट!"

जमादारानं कोकिळेकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं होतं. बायांना कळलं होतं. उरलेला, मॅट्रिकला तीनदा बसलेला मी. मला कळलं तेव्हा महिन्याच्या महिन्याला थकणारे सेल आठवले आणि कानापर्यंत तोंड पेटलं.

कोकिळा भिंतीच्या कडेला उभी होती, तुळशीपासून लांब.

"मी बाजूला व्हते," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण अंगणात दुसरा आवाज नव्हता. "बाजूला बसायला पायजे व्हतं, बसले न्हाई. सासूबाई गेल्यापासून एकदा बी बसले न्हाई. मामंजीला कोन करनार व्हतं? चुलीला शिवले. पान्याला शिवले. काढा बी त्याच हातानं पाजला. तुळशीला तेवढं न्हाई शिवले. तेवढं धाडस न्हाई झालं."

पुरुषमंडळी आपापल्या पायांची बोटं बघायला लागली. असली गोष्ट भर अंगणात, जमादारासमोर, आजवर कुणी बाई बोलली नव्हती. आणि बोलली नाही तर तुरुंग होता. बोलली तर काय होतं, तेही तिला माहीत होतं. आबासाहेबांनी ते लगेच दाखवून दिलं.

"म्हंजी त्या हातचा काढा!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग अडुळसा काय करंल बिचारा? विटाळानंच म्हातारा..."

"वैद्यबुवा," जमादार म्हणाला, "आज सकाळी ह्याच बाईच्या हातचं तांब्याभर पानी पिलोय मी. पंचांनी लिहून घ्या. दुपार झाली. जमादार जिता हाय."

पंचानं खरंच लिहून घेतलं.

"न मला ठावं व्हतं," धुरपताबाई मधेच बोलली. सगळे वळले. "मला काय दिसत न्हाई? दर महिन्याला बघायलते. बोलले न्हाई. बोलले असते तर दोन घरचा सैपाक माझ्या बोकांडी बसला असता." ती थांबली. "न भासऱ्यानला बी तिच्याच हातची भाकर गोड लागायची. फोनवर सांगायचे."

जमादार बन्सीधरपुढं जाऊन उभा राहिला. "फोन तीन दिसापासून मेलेला. घंटी वाजली न्हाई, तू चोंगा उचलला न्हाई, काका काही बोलले न्हाईत. कडू काढा घरात हाय हे तुला ठावं व्हतं, शेत जानार हे बी ठावं व्हतं. मुडदा बघितला न गोष्ट रचली. हाय का न्हाई?"

बन्सीधर मटकन खाली बसला. त्याचं सगळं रचलेलं बयान संपलं होतं आणि आता त्याच्याकडं बोलायला खऱ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"झोपलो व्हतो मी," तो म्हणाला. "फोनपाशीच. खाट तिथंच हाय. मला काई ऐकू आलं न्हाई." मग त्यानं वर पाहिलं, कोकिळेकडं. या खेपेला डोळे ओले होते आणि तो ते पुसत नव्हता. "वाजली असती तर गेलो असतो, वहिनी. शेताचा पापी हाय मी, कबूल. पन घंटी वाजली असती तर उडी मारून गेलो असतो."

त्याच्या एवढ्या लांबलचक बयानात कुणालाच शंका आली नाही असं हे एकच वाक्य.

कोकिळेनं कालपासून एक टिपूस काढलं नव्हतं. तिनं तुळशीकडं पाहिलं, मग पहारेकडं, मग माझ्या हातातल्या हँडलाकडं. आणि भिंतीला पाठ घासत खाली बसली.

६

संध्याकाळच्या गाडीनं बन्सीधर गेला. खोटी साक्ष, खोटा आळ, अजून काय काय कलमं जमादारानं वाटेत जमवली ते माहीत नाही. गाडगं हैदराबादेला गेलं आणि पुढं यथावकाश अडुळसाच निघाला. निघताना जमादारानं हँडल माझ्या हातात दिलं, त्याला अजून लाख चिकटलेली होती. म्हणाला, "यंत्राची बाइज्जत रिहाई."

मी हिशोब केला होता, रोज तांब्याभर पाणी, बारा महिने. हिशोबात बाई धरली नव्हती. तुळशीला पाणी आपोआप पडतं असं मी समजत होतो. बन्सीधरही तेच समजत होता, म्हणून पकडला गेला. माणिकरावही तेच समजत होते.

गावानं कोकिळेला तुरुंगातून सोडवलं आणि आडावर अडकवलं. तिची घागर दिसली की बाया आपल्या घागरी उचलून बाजूला ठेवायच्या. ती वाट बघायची, सगळ्या गेल्या की भरायची.

तेरावा झाल्यावर मी टेलिफोन काढून न्यायला गेलो. म्हटलं, घरात असलं यंत्र कशाला. कोकिळा अंगणात होती. "थांबा जरा, सूर्यभानभाऊ," ती म्हणाली. तिनं तांब्या भरला आणि तुळशीला घातला. खालच्या काडीला हिरवा कोंब आला होता. मग ती आत गेली, भिंतीपुढं उभी राहिली आणि हँडल फिरवलं. दोनदाच. हळू.

भिंतीपलीकडं घंटी वाजली. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचललं.

"कोन?" धुरपताबाईचा आवाज चोंग्यातून मलाही ऐकू आला.

"मी हाय, आत्याबाई. वाजली का, त्ये बघत व्हते."

बाई घरात एकटीच होती, पोरगा परभणीच्या तुरुंगात. मला वाटलं, आता शिव्या येतील.

"वाजली," धुरपताबाई म्हणाली.

कोकिळेनं चोंगा आकड्याला लावला. त्यावर हात ठेवून उभी राहिली. मी टेलिफोन न काढताच घरी आलो.

तेव्हापासून ती रोज पाणी घालते. रोज म्हणजे रोज. बाया बोटांवर मोजतात, एकमेकींकडं बघतात, आणि कुठल्या दिवसात घालायलीय हे सगळ्यांना कळतं. पहिल्या महिन्यात कुजबूज झाली. दुसऱ्या महिन्यात एकजण धुरपताबाईकडं गाऱ्हाणं घेऊन गेली, कारण ती भिंतीवरून बघते आणि सोवळ्याची कडक. धुरपताबाई म्हणाली, "मला काई दिसत न्हाई." दुसऱ्या सकाळी मी त्या अंगणावरून जात होतो. बुटक्या भिंतीवरून एक सुरकुतलेला हात आला होता, त्यात काठोकाठ भरलेला तांब्या होता, आणि कोकिळा तो घेत होती.

या साली होळी गेली, पाडवा गेला. रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्यात. टेलिफोन अजून एक दिवसही आजारी पडलेला नाही.